मावशीच्या बॉक्समधलं पत्र

ज्यांना ताण सोसत नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, शेवट बरा आहे. मलाही सोसत नाही.

आमचं ऑफिस कोथरूडमध्ये एका ट्यूशन क्लासच्या वर होतं. खाली मुलं पाढे घोकत असायची, वर आम्ही टाइप करत असायचो. मुलगी आयटीत आहे, असं आई अख्ख्या येरवड्याला सांगत फिरायची. प्रत्यक्षात आमची आयटी एवढीच, की अमेरिकेतल्या कुठल्याशा बड्या घराण्याची जुनी पत्रं आणि कागद स्कॅन होऊन आमच्याकडे यायचे आणि आम्ही ते जसेच्या तसे टाइप करून परत धाडायचो. त्या लोकांनी जन्मात काही टाकलेलं दिसत नव्हतं. शिंप्याची बिलं ठेवलेली, मेजवानीत काय काय वाढलं त्याचे कागद ठेवलेले. त्यांचा कुत्रा मेला तेव्हा शेजाऱ्यांनी काळ्या किनारीच्या कागदावर सांत्वन केलं होतं, तेही ठेवलेलं. माझं डोकं फिरायचं. हौसेला काही मोल नसतं हे मान्य, पण कुत्र्याचं सांत्वन मी का टाइप करायचं?

कागद आमच्याही घरी जपलेले होते. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पत्र्याच्या ट्रंकेत दाखले, गुणपत्रिका, नेमणुकीचा आदेश असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं असायचं. आबा सरकारी कार्यालयात कारकून होते. आपल्या माणसांकडे कोण कधी कसला पुरावा मागेल याचा नेम नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं. त्या घराण्याकडे पुरावा मागायची कुणाची छाती नव्हती, तरी त्यांनी सगळं ठेवलं होतं. या विचाराने मला टाइप करता करता राग यायचा, आणि रागात माझा वेग वाढायचा.

आबांची बायपास ठरली ती त्याच दिवसांत. घाबरलोय असं ते काही म्हणाले नाहीत. फक्त संध्याकाळी मी घरी आले की चहा समोर येण्याआधी विचारायचे, "आज काय निघालं त्यांच्याकडे?"

त्या वेळी एका मुलीची पत्रं निघत होती. घराण्यातली आठ-नऊ वर्षांची पोर परगावी मावशीकडे राहायला गेली होती आणि तिथे तापाने आजारी पडली. मावशी तिच्या आईला रोज कळवायची. आज ताप उतरला नाही. आज केस कापावे लागले. आज दोन चमचे सूप घेतलं. मी हे घरी येऊन सांगायची आणि आबा डोळे मिटून ऐकायचे. मग म्हणायचे, "सूप घेतलं ना? मग ठीक आहे." तिने सूप नाकारलं त्या दिवशी आबाही अर्ध्या भाकरीवरून उठले.

आमच्या घरात छप्पन्न सालापासून नवसाला, कौलाला, शकुनाला थारा नव्हता. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा ते सगळं मागे टाकलं, आणि आबा त्या बाबतीत कडक होते. त्यामुळे, मुलगी वाचली तर आपणही वाचू, असं त्यांच्या मनाने घेतलंय हे ते मरणाच्या दारातही कबूल करणार नव्हते. पण मला दिसत होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनाने तेच घेतलं होतं.

मग पत्रं थांबली. ताप खूप चढलाय, असं एक पत्र आणि त्यानंतर काहीच नाही. पुढे नुसते जमिनीचे व्यवहार, वकिलांची उत्तरं, घोड्यांचा चारा. मुलीचं नावसुद्धा नाही.

आबांनी विचारलं, आणि मला सांगावं लागलं. आई भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "फाडलं असेल. वाईट बातमीचं कार्ड कोणी घरात ठेवतं का?"

बाकी सगळं सोडलं तरी आईने ही एक रीत सोडली नव्हती. कुणी गेल्याचं कार्ड आलं की ते उंबऱ्यातच वाचायचं आणि तिथेच फाडायचं. मी चिडले. म्हटलं, "त्यांनी कुत्रा मेल्याचं पत्रसुद्धा जपलंय, आई!"

"कुत्र्याचं जपतील," आई म्हणाली. "लेकराचं कोण जपेल?"

आबांनी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सरांकडे गेले. सर सदाशिव पेठेतले. त्यांना विचारलं, या मुलीचं पुढे काही आलंय का? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, आपल्याला टाइप करायचे पैसे मिळतात. वाचायची सोय कंपनीने केलेली नाही."

मी जागेवर येऊन बसले आणि घोड्यांचा चारा टाइप करत राहिले.

आबांना ॲडमिट केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं. सुट्टीच्या अर्जावर सही घेऊन दवाखान्यात जायचं म्हणून मी त्या सकाळी तेवढ्यापुरती ऑफिसात डोकावले. सरांनी सही केली आणि अर्ज परत देताना इकडे तिकडे पाहत म्हणाले, "मावशीचे स्वतःचे कागद वेगळ्या बॉक्समध्ये आलेत. दुसऱ्या टीमला द्यायचे होते, पण तुमच्या मशीनवर टाकलेत. बघून जा." मग जरा थांबून, "मुलीचं काही निघालं तर मलाही सांगा. कामापुरतं."

माणूस रोज वाचत होता तर.

मी उभ्या उभ्याच बघितलं. मोठमोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरांतलं एक पत्र, मुलीने मावशीला लिहिलेलं. "मी घरी पोचले. आई मला न्यायला तिकडे आली खरी, पण आता एक मिनिट नजरेआड होऊ देत नाही. डोक्यावरची टोपी टोचते. तू माझे बूट पाठवायला विसरलीस, लवकर पाठव."

माझा जीव असा भांड्यात पडला, की मी तिथेच खुर्चीत बसून रडले. तिची आई तिच्यापाशी पोचली, म्हणून मावशीची पत्रं थांबली होती. मग ती घरी आली, सगळे एका छपराखाली आले. कोण कुणाला लिहिणार? आम्ही मात्र त्या गप्प बसण्याला सरळ मरण समजून मोकळे झालो होतो.

सरांना सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

दवाखान्यात पोचले तोवर आबांना आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर मी आईला सगळं सांगितलं. तिने बुटांचं दोनदा सांगायला लावलं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा आई त्यांना नुसते हात जोडत राहिली. आबा शुद्धीवर आल्यावर आम्हाला घटकाभर आत सोडलं. घशात नळी असल्याने आबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी बोटांनी लिहायची खूण केली. नर्सने कागदाचा तुकडा आणि पेन दिलं. त्यांनी आडवंतिडवं लिहिलं, "पत्र आलं का?"

"आलं," मी म्हटलं. "ती घरी पोचली होती, आबा. म्हणून पत्रं थांबली. बूट मागतेय."

नळीसकट आबा हसले. नर्स माझ्यावर ओरडली.

आबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. दवाखान्यातून घरी आल्यावर ऑपरेशनचे कागद ठेवायला मी ट्रंक उघडली तेव्हा तो तुकडा नेमणुकीच्या आदेशाच्या पिशवीत घडी करून ठेवलेला दिसला. आईचं काम. आबा कधी घर सोडून राहिलेच नाहीत, त्यामुळे त्यांनी आम्हाला लिहिलेलं घरात तेवढंच आहे.