साडेसहाच्या खुणा

नॉरीन पावलिक बावीस वर्षं एकाच ऑपरेशन थिएटरात नर्स होती, आणि शेवटची आठ वर्षं तिथली सुरक्षेची तपासयादी तिच्या गळ्यात पडली होती. कॅनडात, मॅनिटोबातल्या त्या गावात थिएटर एक आणि सर्जनही एकच. भूल देण्याआधी, सुरी लावण्याआधी आणि रोगी बाहेर नेण्याआधी सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं, नॉरीनने संगणकावरचे प्रश्न मोठ्याने वाचायचे, ज्याचं त्याने उत्तर द्यायचं, मग तिने खूण करायची, असा नियम.

सुरुवातीला ती वाचायची. मन लावून वाचायची बिचारी. पण सर्जन डॉक्टर लाइल हातमोजे चढवून उभे असायचे. "झालं का बाई तुझं प्रवचन? की पाद्रीबाबांनाही बोलावू?" सगळे हसायचे, तीही हसायची. हसता हसताच तिला सवय लागली. सकाळी साडेसहाला यायचं, थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीला विजेची वायर जोडायची आणि कॉफी पिता पिता दिवसभराच्या सगळ्या खुणा एका दमात उरकून टाकायच्या. रोगी तेव्हा घरी दात घासत असायचे. फळ्यावर मात्र दर महिन्याला लागायचं, 'यादीचे पालन : शंभर टक्के'. एकदा तर त्याबद्दल वरून केक आला होता. नॉरीनने तो खाल्ला, आणि तिला तो गोडही लागला.

जानेवारीत वॉल्टर ह्रेचका टेबलावर आला. शाळेची बस चालवणारा माणूस, त्याचा गुडघा बदलायचा होता. भूल द्यायला घानाहून आलेले डॉक्टर क्वाबेना होते. त्यांची नेमणूक अजून कच्ची होती. त्यांनी पडद्यावर पाहिलं, 'अँटिबायोटिक दिले', पुढे हिरवी खूण. वॉर्डातच दिलं असणार, असं समजून त्यांनी इंजेक्शन दिलं नाही. कुणीच दिलं नव्हतं.

गुडघ्यात पू झाला. नवा सांधा काढावा लागला आणि वॉल्टरची बस कायमची सुटली. चौकशी बसली ती क्वाबेनांवर.

नॉरीनची झोप उडाली. बोलावं तर परवाना जाणार, गप्प बसावं तर क्वाबेनांची नोकरी जाणार. त्यांच्या बायकोमुली घानाहून नुकत्याच कुठे आल्या होत्या. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती. कँटीनमध्ये ते तिच्यासमोर येऊन बसले.

"सिस्टर, खूण हिरवी होती ना हो? मला भास तर नाही झाला?"

"आधी खाऊन घ्या. सूप गार होतंय," ती म्हणाली, आणि स्वतःच्या बशीतून मान वर करायची तिची छाती झाली नाही.

शुक्रवारी मुख्य नर्स बेव्हने तिला खोलीत बोलावलं. दोघी एकाच वर्षी लागलेल्या.

"तुझा जबाब. खाली सही कर, की सुटलीस."

नॉरीनने कागद पाहिला. यादी मोठ्याने वाचली का? होय. सगळे थांबले का? होय. प्रत्येकाने उत्तर दिलं का? होय. बाराही चौकोनांत खुणा होत्या.

"अगं, हे भरलंस कधी? मला एका शब्दाने विचारलं नाहीस!"

"सकाळीच भरलं, वेळ वाचावा म्हणून." बेव्ह चष्मा पुसत होती. "तू तरी कुणाला विचारत होतीस?"

नॉरीनला कानफटात बसल्यासारखं झालं. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं, आणि केक हिनेच कापला होता.

"कोरा कागद दे."

"कोरा नाही मिळत, संगणकात भरलं की असाच छापून येतो. नॉरीन, वेडेपणा करू नकोस. आपण सगळेच अडकू."

"अडकलेलेच आहोत की," नॉरीन म्हणाली. तिने कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने लिहिलं, 'खूण मी केली. सकाळी साडेसहाला. वॉल्टर तेव्हा आलाही नव्हता.'

मग, कितीतरी वर्षांनी पुन्हा, तिने लिहिलेलं मोठ्याने वाचलं, आणि सही केली.