दोन नाना आणि बाईचं माहेर

"नाना गेले," एवढंच शरदभाऊ फोनवर म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. मी शाळेच्या जिन्यात होते, हातात खडू आणि डस्टर. शरदभाऊ धुळ्याचे, अहिराणी पिक्चर काढणारे. त्यांचा फोन म्हणजे धुळ्याचेच नाना, हे मी धरूनच चालले. तिथेच पायरीवर टेकले... आता मामाला कसं सांगायचं, हाच पहिला विचार आला. कारण धुळ्याचे नाना म्हणजे माझ्या असोद्याच्या मामाचा जिवाभावाचा माणूस. आणि मामालाही सगळं गाव नानाच म्हणायचं. दोघंही नाना, दोघंही चौधरी, नातं मात्र काडीचं नाही. शेवटी मन घट्ट करून मी मामाचा मोबाइल लावला, तर पलीकडून आवाज आला तो धुळ्याच्या नानांचा. "बोल बेटा, मी शे." माझ्या हातातलं डस्टर खाली पडलं. ज्यांच्यासाठी मी रडायच्या बेतात होते ते फोनवर बोलत होते! "नाना, तुम्ही?" "मी शे ना माय... तुना मामा गया." एका मिनिटात एक माणूस परत मिळाला आणि दुसरा गेला, कुणाबद्दल काय वाटून घ्यावं तेच कळेना. त्या जिन्यातला गोंधळ माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, झाल्यावर तर तो वाढलाच आहे.

मामाचं असोद्यात मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार गुंडाळायची आणि तोंडाने अखंड बडबड करायची, असा त्याचा दिवस. धुळ्याचे नाना एसटीत कंडक्टर. मामा तार आणायला धुळ्याला जायचा, त्या फेऱ्यांमध्ये दोघांची ओळख झाली. तिकिटावर नाव लिहायची पद्धत असती तर ती आणखी लवकर झाली असती, असं मामा म्हणायचा. नानांना अभिनयाचं वेड होतं. सुट्टीच्या दिवशी ते शरदभाऊंच्या पिक्चरमध्ये कधी सावकार, कधी पोलीस पाटील व्हायचे. एकदा त्यांनी मामाला शूटिंग बघायला नेलं. तिथे मोठ्या भावाचं काम करणारा माणूस आलाच नव्हता. मामा उंचापुरा, मिशा भरघोस. शरदभाऊंनी त्याला वरून खालून पाहिलं, संवाद वाचायला दिला, आणि पहिल्याच वाक्याला कपाळावर हात मारला. मामा बोलायचा ती जळगावकडची लेवा बोली. अहिराणीत त्याचं तोंड वळेचना. "शे" म्हणायच्या जागी दरवेळी "हाये" यायचं. सगळी माणसं हसून लोळायला लागली. मग शरदभाऊंनी तोडगा काढला, "नाना, तुमनी बोली आमना पिच्चरमा चालाव नही. तुम्ही असं करा, मरी जा." गोष्टच बदलली. मोठा भाऊ बोलण्याआधीच मेला, आणि वर्षानुवर्षं अबोला धरलेला धाकटा भाऊ, म्हणजे धुळ्याचे नाना, त्याच्या उशाशी बसून बोलतो आणि रडतो, असा शेवट ठरला.

तो प्रसंग खानदेशात ज्यांनी पाहिला ते अजून विसरलेले नाहीत. अंगणात मामा आडवा, नाकात कापूस, आणि नाना बोलताहेत. मधेच मामाच्या नाकावर एक माशी येऊन बसली. कॅमेरा चालू. माशी नाकावरून ओठावर आली, मिशीत शिरली, बाहेर आली... मामा हलला नाही. ज्याला दुकानात एक मोटर भरेपर्यंत गप्प बसवत नाही, तो माणूस! आणि नाना असे रडले की शरदभाऊ थांबा म्हणायचंच विसरले. मामा पुढे आयुष्यभर ती माशी सांगत राहिला. नाना सांगायचे की मी डोळ्यात ग्लिसरीन घातलं नव्हतं. त्यावर मामा विचारायचा, "मंग रडलास कशापायी?" आणि नाना खरं तेच बोलून बसायचे, "तू इतला मरेल दिसना ना, माले खरंच रडू उनं." मग मामा विजयी मुद्रेने आमच्याकडे बघायचा.

त्या वर्षीच्या खानदेशी चित्रपट पुरस्कारांचा सोहळा धुळ्याला झाला. आम्ही सगळे गेलो होतो. मामाने लग्नासारखा फेटा बांधलेला. पाहुणे उशिरा आले, भाषणं लांबली, मधे वीज गेली तेव्हा ढोलवाल्यांनी वेळ मारून नेली. उत्कृष्ट अभिनेत्रीचं बक्षीस शिरपूरच्या एका ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बाईला मिळालं. तिने स्टेजवरून आधी सासूला हाक मारली आणि मगच ट्रॉफी घेतली. उत्कृष्ट गायक बोदवडचा, लग्नाच्या बँडमध्ये गाणारा. त्याला दोन ओळी म्हणा म्हटलं तर त्याने अख्खं गाणं म्हटलं आणि लोकांनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. उत्कृष्ट खलनायक तर इतका लाजाळू की पाहुण्यांचे पाय धरून तसाच मागच्या मागे उतरून गेला, ट्रॉफी मागून पाठवावी लागली. आणि मग परीक्षक उभे राहिले. म्हणाले, "शेवटच्या प्रसंगात या कलावंताने जो संयम दाखवला, तो पाहून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. सहाय्यक अभिनेता... नाना चौधरी!"

संयम! आता तुम्हीच सांगा, हा संयम कुणाचा? आक्रस्ताळेपणा न करता रडणाऱ्याचा, की मिशीत माशी शिरली तरी न हलणाऱ्याचा? आमच्या बाजूच्या लोकांनी मामाला ढकलून उठवलं. पलीकडून धुळेकरांनी नानांना उठवलं. दोघं दोन जिन्यांनी स्टेजवर चढले आणि मधोमध एकमेकांना भेटले. निवेदक गडबडला. पाहुण्यांना वाटलं, हे असंच ठरलं असेल. त्यांनी शाल मामाच्या खांद्यावर टाकली, नारळ नानांच्या हातात दिला आणि ट्रॉफी दोघांच्या मधे धरून फोटोवाल्याकडे बघून हसले. दोघांनी ती एका एका हाताने धरली. ट्रॉफी म्हणजे हातात दिवा घेतलेली पितळी बाई, लाकडी बैठकीवर उभी. खाली नुसतं "नाना चौधरी" कोरलेलं. आपल्याकडे माणसाचं पाळण्यातलं नाव विचारतंय कोण! ज्याच्या त्याच्या घरी एक नाना, एक आबा, एक भाऊ... त्या दिवशी ते अंगाशी आलं.

ही पितळी बाई आधी नानांकडे गेली, कारण तिथून नानांचं घर जवळ होतं. मामा वर्षभर काही बोलला नाही. आखाजी आली तसा तो नवा सदरा घालून धुळ्याला गेला आणि नानांच्या दारात उभं राहून म्हणाला, "लेकीले माहेरी न्यायले आलो." आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, त्यांना आणायला घरचा कुणी मुऱ्हाळी म्हणून जातो. मामा त्या बाईचा मुऱ्हाळी होऊन गेला होता! नानांच्या बायकोला हे इतकं आवडलं की तिने त्या पितळी बाईची खण-तांदळाने ओटी भरली. नाना मात्र कच्चे नव्हते. ट्रॉफी मामाच्या हातात देताना ते म्हणाले, "लेकले सासरले धाडी ऱ्हायनू, संभाळजो." म्हणजे माहेर धुळ्याचं, असोदा सासर! तिथून जी मजा सुरू झाली ती कधी थांबली नाही. दर आखाजीला बाई घर बदलायची. देणारा म्हणायचा सासरी पाठवतो, घेणारा म्हणायचा माहेरी आली. दोघांपैकी कुणीही, एकाही वर्षी, आपल्या घराला सासर म्हटलं नाही. एसटीत बाई खिडकीपाशी बसायची, पारोळ्याला उतरून मामा तिच्याकडे लक्ष ठेवायला शेजारणीला सांगून चहा प्यायचा. आम्ही पोरं हसायचो. पण गंमत एकीकडे आणि हक्क एकीकडे. आपल्या घरी बाई असली की मामा आल्यागेल्याला सांगायचा, "माझं बक्षीस." नसली की म्हणायचा, "माझं बक्षीस नांदायले गेलं."

मी गणित शिकवते. दोन माणसं आणि एक बक्षीस, हे मला कधी गप्प बसू देत नव्हतं. मी शरदभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "माले बी समजनं नही, आन मी कोनले इचारं बी नही." परीक्षक कधीच वारले होते. मामाला विचारलं की माशी, नानांना विचारलं की ग्लिसरीन. कधी मला वाटायचं, पडून राहण्याला कुठे बक्षीस देतात का? आणि मग तो प्रसंग पुन्हा बघितला की माझी नजर नानांवरून सरकून मामाच्या त्या निश्चल मिशीवरच जायची.

मामा गेला त्या दिवशी नाना योगायोगाने असोद्यातच होते, गावातल्या एका लग्नासाठी आदल्या दिवशी आलेले. मी पोचले तेव्हा मामाला अंगणात ठेवलं होतं. नाना उशाशी बसले होते. मला बघून ते हळूच सांगायला लागले, जणू त्यांनाच खात्री करून घ्यायची होती. "सकायले चहा पिना. मंग खाटवर पडना. मी बोली ऱ्हाइंतू, हाऊ बोले नही. माले वाटनं, सोंग करी ऱ्हायना. मी म्हनं, ऊठ नाना, कट हुई गया..." जमलेल्या बायाबापड्यांनी तो पिक्चर पाहिलेला होता. सगळ्यांचे डोळे नानांवर. मला त्या नजरांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर मीही वाट बघत होते, की आता हे तसे रडतील. नाना रडले नाहीत. खांद्यावरचा पंचा काढून ते मामाच्या तोंडावरून हलवत राहिले. उचलायची वेळ झाली तरी त्यांचा हात थांबेना. त्यांनी शेवटपर्यंत एकही माशी बसू दिली नाही.

त्यानंतर आखाजी जवळ आली तसा घरात पेच पडला. या वर्षी बाई असोद्याला होती, म्हणजे पाठवायची पाळी आपली. पुण्याहून आलेला मामेभाऊ म्हणाला, "आता ते सगळं पुरे. बाबांची आठवण आहे ती, घरातच राहू दे." मामीने मला विचारलं, "तुले काय वाटते?" मला काय वाटत होतं ते मलाच कळत नव्हतं. पाठवली तर मामाचा हक्क सुटल्यासारखं, ठेवली तर नानांचं काय? बक्षीस नक्की कुणाचं ते माहीत असतं तर एका वाक्यात उत्तर दिलं असतं. मी मामीला म्हटलं, नाना येतात तर येऊ देत, मग बघू.

आखाजीच्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याच्या घागरी भरल्या. त्यात या वर्षी मामाच्या नावाची नवी घागर, वर खरबूज ठेवलेलं. मामाला खरबूज कधीच आवडायचं नाही, तेव्हा आमच्यापैकी कुणाला हसावं की रडावं समजेना. नाना दुपारी आले. जेवायला बसले, पुरणपोळी आमरसात बुडवली आणि हात तसाच ठेवून घागरीकडे बघत राहिले. जेवणं झाल्यावर अंगणात मी त्यांना गाठलंच. "नाना, आज खरं सांगा. बक्षीस कुणाचं होतं?" ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी काहीतरी भलतंच विचारलं. "माले काय माहीत, बेटा? नाव त नाना चौधरीनं शे."

निघताना ते फ्रिजसमोर येऊन उभे राहिले. बाई त्यावरच असते, मामीने विणलेल्या पांढऱ्या रुमालावर. त्यांनी मागितली नाही. आम्ही दिलीही नाही. मामेभाऊ मुद्दाम मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. शेवटी मामीच उठली. तांदूळ आणले, खण आणला, बाईची ओटी भरली, आणि ट्रॉफी उचलून नानांच्या हातात दिली. आता मामाचं "सासरी पाठवतो" हे वाक्य यायला हवं होतं. मामीने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. ते तिचं वाक्यच नव्हतं. मग नानांनी बाईला छातीशी धरलं आणि म्हणाले, "सासरले लई जास, वैनी. संभाळसू."

सासरले. स्वतःचं धुळ्याचं घर, आणि सासर! मामीने पदर तोंडात धरला. मामेभावाने मोबाइल खाली ठेवला. दारातून बाहेर पडता पडता नाना माझ्याकडे वळले. "पुढली आखाजीले तू मुऱ्हाळी ये. माहेरले लई जाय तिले." एवढं बोलताना त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं, अगदी त्या पिक्चरमधल्यासारखं. मी त्यांच्यासोबत स्टँडपर्यंत गेले. बाईला खिडकीपाशी बसवलं, आणि एसटी हलली.

हे लिहायला बसले ते काहीतरी उलगडेल म्हणून. नानांना पहिल्यापासून ठाऊक होतं का, की बक्षीस मामाचं? की ते त्यांचंच होतं आणि या आखाजीला त्यांनी ते मित्राला देऊन टाकलं? मी जितका विचार करते तितकी गोंधळते. फ्रिजवर आता नुसता रुमाल आहे, त्यावर लाकडी बैठकीचा पिवळट ठसा. परवा मी असोद्याला गेले तेव्हा हातातली पिशवी सवयीने तिथे ठेवायला लागले, तर मामीने पिशवी उचलून खाली ठेवली. "तठी काही ठेवू नको," ती म्हणाली, "तिचं माहेर हाये ते."