जंटलमन माणूस

हा इंग्रजी शब्द मला ऐकवत नाही. जंटलमन. साहेब लोक गेले, त्यांच्या टोप्या गेल्या, त्यांच्या देशातसुद्धा आता हा शब्द कुणी फारसा वापरत नसेल. आमच्या नंदुरबारात मात्र तो ठणठणीत आहे. माझ्या घरात तर तो रोज माझ्यासमोर पाटावर बसून जेवतो.

लग्न ठरलं तेव्हा वडील माझ्या माहेरी, रनाळ्याला, ओट्यावर येईल त्याला सांगायचे, "पोऱ्या जंटलमन शे." म्हणजे पीत नाही. एवढाच अर्थ मला ठाऊक होता. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात पुढचा धडा दिला. जंटलमन माणसाच्या हाताला दळणाचा डबा आणि गॅसची टाकी लागू द्यायची नसते. मग मी कान उघडे ठेवले. मिरची बाजारात भाव न विचारता पोती उतरवून देतो तो शेतकरी जंटलमन. त्याच्या पाठीमागे त्याला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. कापड दुकानातले शेटजी म्हणाले, "साहेब जंटलमन आहेत, त्यांच्याशी काय घासाघीस करायची!" की समजायचं, कापड महाग पडलं. कचेरीत जो पैसे घेतो पण काम करून देतो, तोही जंटलमनच. आणि आमच्या कॉलनीत एकजण टीव्हीचा आवाज वाढवून बायकोला मारतो. त्याच्याबद्दल शेजारीण मला म्हणाली, "बाहेर कधी आवाज नाही हो त्यांचा, जंटलमन माणूस!" माय वं! मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

बाईला हा शब्द लावत नाहीत. बाईने गप्प बसायचं हे ठरलेलंच आहे, त्याला वेगळा शब्द कशाला?

माझा नवरा शाळेत क्लार्क होता, आता रिटायर आहे. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, आवाज कधी चढलेला नाही. कंडक्टरकडे सुट्टे पैसे मागणार नाही. पाहुण्यांकडे दुसरी पोळी नको म्हणणार आणि घरी येऊन मला पिठलं टाकायला लावणार. लोक म्हणतात, नशीब काढलंस. डोंबलाचं नशीब!

गेल्या वर्षी वडील गेले. आई आधीच गेली होती. रनाळ्याच्या घराला आणि जमिनीला भाऊ, मी आणि माझी धाकटी बहीण अशी तिघांची नावं लागली. धाकटीला नवऱ्याने टाकलं, तेव्हापासून ती माहेरीच आहे, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. भावाच्या शेतात ती मजुरासारखी राबते आणि जेवायला शेवटी बसते. भावाला हक्कसोड हवी होती. म्हणजे आम्ही दोघींनी रजिस्टर ऑफिसात जाऊन आमचा हिस्सा त्याला सोडून द्यायचा. आमच्याकडे बहुतेक बहिणी हे करतात. भाऊ एक साडी नेसवतो, बहीण डोळे पुसते आणि माहेर शाबूत राहतं.

आखाजीला भाऊ स्वतः आमंत्रण द्यायला आला. आखाजी हा आमच्या खान्देशात लेकींचा सण. पण इतकी वर्षं मला फोनवरच बोलावणं असायचं, तेव्हा यंदा हा जातीने आला म्हटल्यावर मी समजले. नवरा मात्र फुलून गेला. आम्ही रनाळ्याला गेलो. आमरस, खापरावरचे मांडे, भाऊ नवऱ्याच्या ताटात स्वतः तूप वाढतोय. "दाजी, लाजू नका." दाजी लाजत होते.

मी हात धुवायला मागे गेले. धाकटी भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "अक्का, तू सही करी दिधी ते माले बी करनी पडी. मंग मी कोठे जाऊ?"

भाऊ तिला म्हणत होता, मी आहे ना. आणि वहिनी आत्तापासूनच म्हणत होती की पावसाळ्याआधी त्या खोलीत गुरांच्या ढेपेची, म्हणजे पेंडीची, पोती ठेवायची. मी धाकटीला म्हटलं, मी सही करत नाही, तूही करू नकोस. ती तवा घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी भावाच्या गाडीतून आम्ही चौघे नंदुरबारला रजिस्टर ऑफिसात गेलो. कागद तयार होते. भावाने मला सही कर म्हटलंच नाही. कागद नवऱ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "दाजी, तुम्हीच सांगा तिले."

नवऱ्याने घसा साफ केला. हळू आवाजात मला म्हणाला, "अगं, मी शब्द दिलाय त्यांना. फोनवरच दिला होता. आपल्याला काय कमी आहे? भावाकडे मागणं शोभत नाही."

शब्द दिला होता! मला न विचारता, माझ्या बापाच्या जमिनीचा. आणि भाऊ खुशीत त्या कारकुनाला सांगतोय, "आमना दाजीसारखा जंटलमन माणूस नही सापडाव." माझ्या डोक्यात तिडीक गेली. एका जुन्या इंग्रजी शब्दावर माझा नवरा विकला गेला होता, आणि त्याच्या बदल्यात माझ्या बहिणीच्या डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. त्याची इस्त्री मोडली नव्हती.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "शब्द तुम्ही दिलात ना? मग जमीनही तुमची द्या. ही माझ्या बापाची आहे." मग भावाकडे वळले. "मी सही नही करसू."

ऑफिसातले लोक वळून बघायला लागले. नवरा पुटपुटला, "हळू बोल, लोक बघताहेत." बघू देत! धाकटीपुढे कागद आला तेव्हा तिने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि जमिनीकडे बघत उभी राहिली. भावाने तिला तीनदा हाक मारली. तिने हात काढले नाहीत.

भाऊ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता "बरं" म्हणाला, कागद गोळा केले आणि बाहेर पडला. त्या "बरं"चाच मला धसका बसला, कारण रात्री त्याच्या घरी मी नसणार होते, धाकटी असणार होती.

बाहेर वैशाखाचं ऊन. मी धाकटीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, माझ्याकडे चल, कपडे मागून आणू. तिने मान हलवली. "आज घर गई नही ते सकाय खोलीमा ढेप भरी देतीन." खरंच होतं ते. खोली सोडली की खोली गेली. नाही म्हणायचं धाडस तिने केलं होतं आणि आता ज्याला नाही म्हटलं त्याच्याच गाडीत एकटीने बसून परत जायचं होतं. तिचे हात अजून पदराखालीच होते.

तेवढ्यात नवरा पुढे झाला. मला वाटलं, आता तरी भावाला चार शब्द सुनावेल. निदान म्हणेल, तिला त्रास देऊ नका. त्याने गाडीचं मागचं दार अदबीने उघडून धरलं आणि धाकटीला म्हणाला, "या, बसा. सांभाळून जा हं."

धाकटी बसली. भाऊ स्टिअरिंगवर, तोंड पुढे. नवरा दार लावायला लागला.

मी ते दार धरलं, धाकटीला आत सरकवलं आणि तिच्या शेजारी बसले.

"अगं, तू कुठे?" नवरा म्हणाला. "घरी जायचंय ना आपल्याला? माझं जेवण?"

मी दार आतून ओढून लावलं. भाऊ गाडी सुरू करेना, आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

"चाल," मी म्हटलं, "रनाळाले. मी बी तठेच ऱ्हासू."