अ‍ॅक्सलचे बूट आणि मामांचा मान

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या सकाळी मी गाडीखाली उताणा पडलो होतो, आणि पूर्ण शुद्धीत होतो. (आमच्या पेडण्यात हे वेगळं सांगावं लागतं.)

गाडी माझीच. लालभडक, दोन दारांची, जुनी स्पोर्ट्स कार. आत बसायला वाकावं लागतं आणि बाहेर यायला शेजाऱ्याला हाक मारावी लागते, पण माझा तिच्यावर भारी जीव! हल्ली वळताना ती टकटक करायची. चाक फिरवणारा जो दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, त्याच्या सांध्यावर घड्याघड्यांचं रबरी टोपण असतं. त्याला बूट म्हणतात. ते फाटून आतलं ग्रीस बाहेर उडत होतं. आणि नवरदेव विनायकला याच गाडीतून आमोण्याला लग्नाला नेणार, असं मी गावभर सांगून बसलेलो. बायकोने, सुषमाने, आदल्या दिवशीच बजावलं, "न्हवऱ्याक घेवन ही आमोण्याक पोचली तर रवतली. नाय तर सोमवारी गिराईक बघूचा."

म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ बघत बूट बदलायला घेतला. मदतीला साक्षात नवरदेव.

"दादा, तुका येता मा?"

"अरे, त्यात काय येवचा आसा?"

चाक काढलं, दांडा काढला, सांधा सुटा केला. नवं ग्रीस भरलं, सगळं परत जोडलं, ऐटीत घाम पुसला. तेव्हा विनायक म्हणाला, "दादा, ह्या रबर खंय लावचा?" नवा बूट त्याच्या हातातच! तो आधी दांड्यावर चढवायचा असतो. मुकाट्याने सगळं पुन्हा उसवलं. तेवढ्यात हळदीचं बोलावणं आलं आणि विनायक तसाच पळाला. ते ग्रीस साबणाला दाद देत नाही, आणि काळ्यावर पिवळं चोळलं की काय होतं ते मांडवातल्या बायकांना त्या दिवशी कळलं.

"गो बाय, न्हवरो हिरवो कित्याक झालो?"

इकडे मी एकटा. दांडा सांध्यात पक्का बसला की टक् असा आवाज येतो, असं व्हिडिओवाल्याने सांगितलं होतं. मी पाय रोवून जोर लावला. टक् झालं! मी खूश. (तो आवाज माझ्या गुडघ्याचा होता, हे मागाहून समजलं.)

निघायची वेळ झाली. हिरवटसर विनायक फेटा सावरत माझ्या शेजारी बसला. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला आणि आमच्या काकांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या पोराचा लगीन. काय चुकला माकला आसात तर पदरात घे आणि गाडी सुखरूप पोचव."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

मी गिअर टाकला, पाय दाबला. इंजिन असं गरजलं की मांडवातली कोंबडी फणसावर चढली. गाडी मात्र जागच्या जागी. लिंबू तसंच टवटवीत! पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. ढकलायला कोणी पुढे येईना, सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे. मुहूर्त टळला तर भावाचं काय होणार, आणि टळला नाही तरी सोमवारी माझ्या गाडीचं काय होणार ते ठरलेलंच होतं.

काकांनी डोळे मिटले. "कोणाचो तरी मान चुकलोहा."

सगळ्यांच्या माना रस्त्याकडे वळल्या. आमचे सुर्ल्याचे मामा खनिजाचा टिपर, म्हणजे मागचा हौदा उचलून माल ओतणारा ट्रक, चालवतात. ते टिपर घेऊनच आले होते, पण मांडवात पाऊल न टाकता त्याला टेकून उभे होते. कारण आमंत्रण फोनवर गेलेलं. नारळ-अक्षता घेऊन सुर्ल्याला मी जायचं होतं, पण गाडी टकटकत होती म्हणून राहिलं. म्हणजे कुठूनही धरलं तरी चूक माझीच.

मी खिडकीतून ओरडलो, "काका, मान बिन काय नाय. अ‍ॅक्सल निसटलोहा, मीच बसवलेलो."

"तू गप रव. मशिनीतला तुका काय कळता?"

काका नारळ घेऊन मामांकडे गेले, हात जोडले. मामांनी आधी मान फिरवली, मग नाक ओढलं, मग काकांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. मलाही भरून आलं. गाडी तरीही हलली नाही.

"बघलास?" काका म्हणाले. "न्हवरो मामाच्याच गाडयेतसून जावक होयो, अशी देवाची इच्छा."

मामा एवढे फुलले की विचारू नका! विनायक केबिनमध्ये मामांशेजारी, आणि आम्ही सारे वऱ्हाडी मागे, खनिजाच्या लाल धुळीवर सतरंजी टाकून. "मामा, चुकून मागचा उचलू नका हां," सुषमा वाटभर सांगत होती. आमोण्याला उतरलो तेव्हा नवरा हिरवा आणि वऱ्हाड तांबडं होतं, पण मुहूर्त गाठला. मुलीकडच्यांनी आधी आमच्या अंगावर पाणी ओतलं आणि मग स्वागत केलं.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. मी आत तोंड लपवून बसलो. बाहेर सुषमाचा आवाज ऐकू आला, "विकूची नाय. मामांका मान दिल्याबगर जी हलली नाय, ती गाडी कोण विकता?"

मी आनंदाने उडी मारली! पाना घेऊन धावतच अंगणात गेलो. "पाच मिनिटांचा काम आसा, दांडो बसयतंय."

काकांनी हातातला पाना काढून घेतला. "खबरदार हात लावशीत तर. देवाच्या मनात आसात तेव्हा ती आपसूक चलतली."

अजून त्याच्या मनात आलेलं नाही. रोज सकाळी मी माझ्या स्पोर्ट्स कारला फूल वाहतो, अगरबत्ती लावतो आणि म्हापशाच्या बसला लोंबकळत कामावर जातो.