अप्पांच्या डावीकडची खुर्ची

आमच्या अप्पांना कमी ऐकू येतं हे इंदिरानगरात सगळ्यांना माहीत आहे. फक्त अप्पांना माहीत नाही. त्यांचं म्हणणं असं, की ते फौजेतून निवृत्त झाले तेव्हापासून लोकच हळू बोलायला लागले. सिव्हिलियन माणसाच्या छातीत दम नसतो, त्याला ते तरी काय करणार?

अप्पा तोफखान्यात सुभेदार होते. तोफेशेजारी उभं राहून काढलेल्या वर्षांत त्यांचा उजवा कान शहीद झाला आणि डावा जखमी होऊन घरी परतला. आवाज मात्र शाबूत आहे. अप्पा घरात चहा मागतात तेव्हा चौकातला टपरीवाला दूध तापत ठेवतो. सकाळी पावणेसहाला ते फिरायला निघाले की गल्लीतली कुत्री ओळीत बसतात (खोटं वाटत असेल तर या बघायला, पण सहाला आलात तर अप्पा उशिराचं कारण लेखी मागतील). आमच्या दारात चपला एका रेषेत असतात. कुंडीतली तुळससुद्धा सरळ वाढते. वाकडं वाढायची तिची हिंमत नाही, आणि माझीही नव्हती.

खरं सांगायचं तर अप्पांनी मला उभ्या जन्मात एक चापट मारलेली नाही. गरजच पडली नाही. ते नुसते "बोल" म्हणाले की माझी वाचा जायची.

आईची गोष्ट वेगळी. लग्नानंतर वर्षभरातच तिनं अप्पांच्या उजव्या हाताची जागा धरली. जेवताना, गाडीत, लग्नाच्या पंगतीत, ती कायम उजवीकडे. लोकांना वाटायचं, काय हे पतिव्रतेचं प्रेम! एकदा मी तिला विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तो कान बंद आहे ना. मला काय वाटतं ते मी रोज तिकडं बोलून घेते. त्यांना त्रास नाही, मलाही बरं वाटतं."

तर आता माझा गुन्हा. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कायम नोकरीला होतो. यातला 'होतो' हा शब्द तेव्हा फक्त आईला आणि मला ठाऊक होता. तीन आठवड्यांपूर्वी मी राजीनामा दिला होता आणि लासलगावजवळ इरफानच्या शेडमध्ये कांदा वाळवायला लागलो होतो. इरफान माझा कॉलेजचा मित्र. कांद्याचे काप करायचे, यंत्रात वाळवायचे, पिशव्या भरून हॉटेलवाल्यांना द्यायचे, असा धंदा. बत्तिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, काहीतरी मला विचारून सुरू झालं होतं.

पण अप्पांना सांगणार कोण? मी रोज पावणेसातला डबा घेऊन एकलहऱ्याच्या दिशेनं निघायचो, कोपऱ्यावरून गाडी वळवायचो आणि साठ किलोमीटर उलट्या बाजूला जायचो. संध्याकाळी परतताना अंगाला असा वास यायचा, की सिग्नलला शेजारचे स्कूटरवाले डोळे पुसायचे. आई म्हणाली, तुझे शर्ट आता धुवायला नको, फोडणीला टाकते. अप्पांना वासाचं काही वाटलं नाही (फौजेतल्या लंगरानंतर माणसाला कशाचंच वाटत नाही). पण माझे लाल डोळे त्यांनी बरोबर टिपले. कोळशाची राख जात असणार, असं त्यांनी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी फौजी कॅन्टीनमधून माझ्यासाठी डोळे झाकणारा जाड चष्मा आणला. स्वतः लावून दाखवला, पट्टा माझ्या डोक्याच्या मापानं आवळून दिला. तो चष्मा लावून मी लासलगावात कांदा कापायचो आणि तरीही डोळ्यांत पाणी यायचं. ते कांद्याचं नव्हतं. (थोडं कांद्याचंही होतं.)

अशात सिन्नरचं एक स्थळ आलं. अप्पांनी फोनवरच मुलीच्या वडिलांना सांगून टाकलं, की मुलगा वीज केंद्रात पर्मनंट आहे, हा सुभेदाराचा शब्द. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी या. अप्पांनी आयुष्यात घराखेरीज काही कमावलं असेल तर तो हा शब्द. आणि मी त्या शब्दाच्या बुडाशी तीन आठवडे कांदा सडवत बसलो होतो.

आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "ती माणसं घरात पाय ठेवायच्या आत सांग. नाहीतर मी सांगेन. आणि या वेळी डावीकडे बसून सांगेन."

त्याच आठवड्यात आईनं पिक्चरचं काढलं. एका कर्नलची गोष्ट होती, जो घरालाच पलटण समजतो. आईच्या भिशीतल्या बायका तो बघून आल्या होत्या आणि येऊन म्हणाल्या होत्या, वहिनी, तुम्ही तिकीट काढू नका, तुमच्याकडे रोजच चालू असतो. आईला वाटलं, हा पिक्चर अप्पांना दाखवला तर निम्मं काम होईल. अप्पा लगेच तयार झाले, कारण पोस्टरवर गणवेश होता. निदान एखादी तोफ तरी असेल, या आशेनं ते रविवारी तीनच्या खेळाला अडीचला हजर झाले आणि आम्हाला खुर्च्या नेमून दिल्या. आई उजवीकडे, मी डावीकडे.

पडद्यावर कर्नल आला तसे अप्पा खुर्चीत ताठ झाले. (सुभेदार माणूस. कर्नलसमोर, तो पडद्यावर असला तरी, टेकून बसणार कसा?) कर्नल बायकोवर ओरडला, पोरावर ओरडला, कुत्र्यावर ओरडला. अप्पा समाधानानं मान डोलवत राहिले. मग मुलगा काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणाला?" अप्पांनी मला कुजबुजून विचारलं. अप्पांची कुजबूज तीन रांगा मागे जाते.

मी त्यांच्या डाव्या कानात सांगितलं. ऐकू गेलं नाही. मग मोठ्यानं सांगितलं. मागून एका तरुणानं 'श्श' केलं. अप्पांनी वळून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो खुर्चीत सरळ झाला आणि त्यानं मोबाइलही खिशात ठेवला. त्याच्या शेजारी एक म्हाताऱ्या मावशी होत्या. त्या पुढे झुकून म्हणाल्या, "भाऊ, अजून जरा मोठ्यानं सांगत जा. मलाही कमीच ऐकू येतं."

झालं! माझी दुभाष्या म्हणून नेमणूक झाली. पाऊण तास मी कर्नलच्या बायकापोरांचं दुःख रांगेला पुरेल एवढ्या आवाजात सांगत होतो. घसा बसायला लागला तसा मी मधली वाक्यं गाळू लागलो. मध्यंतरात अप्पा पॉपकॉर्न खात म्हणाले, "साहेबांचं घर शिस्तीत आहे. कुणाची तक्रार नाही."

हसावं की काय करावं, कळेना. कर्नलचा शब्द न् शब्द अप्पांना लख्ख ऐकू येत होता. बाकीची माणसं घाबरून बोलायची, अर्धं वाक्य गिळायची. त्यातलं काही पोचतच नव्हतं. अप्पांच्या पिक्चरमध्ये एकच माणूस बोलत होता आणि उरलेले ओठ हलवून 'हो' म्हणत होते. आणि मला वाटून गेलं, की आमच्या घराचाही हाच पिक्चर त्यांनी इतकी वर्षं पाहिला असणार. आम्ही ओठ हलवले. त्यांना वाटलं, सगळं ठीक चाललंय.

मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. कर्नलचा मुलगा बापासमोर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, की मला फौजेत जायचं नाही.

"काय म्हणाला?"

मी तोंड उघडलं, आणि देवाशपथ सांगतो, मला असं काही म्हणायचं नव्हतं. पण अंधार होता, अप्पांचे डोळे पडद्यावर होते, आणि बोलणारा तो होता, मी नव्हतो.

"तो म्हणतोय, मी नोकरी सोडली."

"कुठली नोकरी? तो तर कॉलेजात जातो."

"पार्ट टाइम होती."

"कुठे?"

"वीज केंद्रात."

अप्पांनी भुवई उचलली. "मग आता करतो काय?"

"कांदा वाळवतो."

मागून मावशी म्हणाल्या, "अगं बाई." शेजारचा तरुण त्यांना सांगायला लागला, की काकू, असं काही नाही म्हणाला तो. मावशींनी त्यालाच गप्प केलं. कर्नलच्या बंगल्यात कांदा कुठून आला, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. आता मागे वळायची सोय नव्हती. मी सांगत सुटलो. मुलगा म्हणतोय, मला धंदा आवडतोय. म्हणतोय, पडलो तर माझा मी पडेन. म्हणतोय, तीन आठवडे सांगायचं म्हणतो, जीभच उचलत नाही. पडद्यावर तोवर मुलाचं बोलणं संपून दोन गाणी झाली होती.

तेवढ्यात आई उठली. माझ्या खांद्यावर टिचकी मारून म्हणाली, "सरक." मी उजवीकडे गेलो आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच आई अप्पांच्या डावीकडे बसली.

"ती काय म्हणतेय सांगू?" तिनं विचारलं. "ती म्हणतेय, मला तुमची भीती वाटत नाही. कधीच वाटली नाही. पण पोराला वाटते, आणि ते तुम्हाला शोभत नाही."

पडद्यावर त्या वेळी कर्नलची बायको गच्चीत एकटी कपडे वाळत घालत होती. तोंडातून अवाक्षर काढत नव्हती.

अप्पांनी पडद्याकडे पाहिलं. मग आईकडे. मग वळून माझ्याकडे. आणि उठले. आख्ख्या रांगेनं गुडघे बाजूला घेतले.

बाहेर पॉपकॉर्नच्या काउंटरसमोर ते थांबले. "हा कांदा आपल्या घरातला आहे का?"

मी हो म्हणालो. तीन आठवडे, लासलगाव, इरफान, सगळं सांगितलं. अप्पा ऐकत होते. ऐकू येत होतं की नाही कोण जाणे, पण ओठ वाचत होते एवढं नक्की.

"मला का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली," मी पायांकडे बघत म्हणालो.

"काय म्हणालास?"

"भीती वाटली!"

काउंटरवरचा माणूस पॉपकॉर्न भरता भरता थांबला. तिकिटाच्या रांगेतलं एक जोडपं आपापसात भांडत होतं, तेही थांबलं. अप्पा ओरडले नाहीत. त्यांनी शर्टाची बाही उगाच नीट केली. मग म्हणाले, "त्या साहेबांच्या पोरानं निदान स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तू त्याच्या तोंडून सांगितलंस."

 

अप्पांनी खिशातून फोन काढला आणि सिन्नरला लावला. मला वाटलं, घरी जाऊन बोलतील. पण चुकीचा शब्द एक मिनिटही जास्त बाहेर ठेवायचा नाही, असा त्यांचा खाक्या. "सुभेदार बोलतोय. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मुलगा नोकरीत नाही. कांदा वाळवतो. माझा शब्द परत घेतो. यायचं तर या, नाही आलात तर राग नाही." हे इतक्या आवाजात, की सिन्नरला फोनशिवायही पोचलं असतं.

समोरून ते गृहस्थ काहीतरी बोलू लागले. अप्पांनी फोन कानाला दाबला, कान बदलला, पुन्हा बदलला. मग फोन माझ्यापुढे धरला.

"काय म्हणतायत सांग. ते म्हणतायत तेच सांग."

मी ऐकलं. "घरी बोलून कळवतो म्हणतायत."

"अजून?"

"अजून काही नाही."

"बोल."

आता काय लपवायचं राहिलं होतं? "म्हणतायत, तुम्ही एवढ्या मोठ्यानं का बोलता? त्यांना नीट ऐकू येतं."

अप्पांनी फोन बंद करून खिशात ठेवला. "तेच म्हणाले?"

"तेच."

"हं," अप्पा म्हणाले. आई मुद्दाम भिंतीवरची पोस्टरं बघत होती.

मग आम्ही परत आत गेलो, कारण मोहीम अर्धवट सोडायची नाही. पिक्चर शेवटाला आला होता. कर्नल आणि मुलगा बाकावर शेजारी शेजारी बसले होते. समोर डोंगर.

"काय म्हणतोय?" अप्पांनी विचारलं.

काय वाटेल ते सांगता आलं असतं. "काही नाही, अप्पा. दोघंही गप्प आहेत."

"मग आपल्या घरावरच आहे," अप्पा म्हणाले.

दिवे लागले. बाहेर गाड्यांपाशी त्या मागच्या मावशी आम्हाला शोधत आल्या. शेवटी शेवटी मी बोलायचा थांबलो, म्हणून त्यांच्या मनाला चुटपुट लागली होती. त्यांनी थेट अप्पांनाच विचारलं, हातवारे करून, जोरात, "त्या पोराच्या कांद्याचं काय झालं हो पुढं? दाखवलंच नाही."

मी हेल्मेट डोक्यात घातलं. अप्पांनी क्षणभर विचार केला.

"कांदा वाळेल," ते म्हणाले. "पोराचं सांगता येत नाही. मी उद्या जाऊन बघणार आहे."

मावशींना बरं वाटलं. जाता जाता त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण काही म्हणा भाऊ, त्या भित्र्या पोराचं काम ज्यानं केलंय ना, अगदी खरं वाटतं. नाटकीपणा म्हणून नाही."

मी हेल्मेटच्या आतूनच आभार मानले.