इष्टलिंगाची सावली

कुणी म्हणालं, देवाने तारलं, तर मी आधी विचारते, औषध कुठलं चालू होतं? माझा स्वभावच तसा आहे. म्हणून हा अनुभव लिहायचं मी बरेच दिवस टाळलं.

दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांना क्षयाची इंजेक्शनं चालू होती. अधूनमधून काढलेल्या छातीच्या फोटोंच्या तीन फिल्मा घरात होत्या. खोकला हटत नव्हता, म्हणून महिन्यातून एकदा पुण्याहून येणाऱ्या सर्जनना दाखवायचं ठरलं. निघताना सासूबाईंनी फिल्मा देवापुढे मांडल्या, विभूती लावली, पाणी शिंपडलं आणि ओल्या पदराने लखलखीत पुसून माझ्या हाती दिल्या. कोपऱ्यात पांढऱ्या शाईने लिहिलेल्या तारखाही पुसल्या गेल्या.

"तारखा कुठं गेल्या?"

"कसल्या तारखा? डाग होते की गं पांढरे. देवापुढं घाण ठेवू व्हय?"

सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात पोचलो तर वीज गेलेली. डॉक्टरांनी फिल्मा खिडकीशी धरल्या. उजव्या फुप्फुसाच्या टोकाला पांढरा डाग. एकीत मोठा, एकीत मध्यम, एकीत लहान. "आधीची कुठली?" मला सांगता येईना. "डाग वाढत असेल तर फुप्फुसाचा तुकडा काढावा लागेल, आजच माझ्याबरोबर पुण्याला चला. कमी होत असेल तर हीच इंजेक्शनं पुरेत." नवा फोटो काढायला वीज नव्हती आणि त्यांची गाडी संध्याकाळची. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात दाराशी बाकावर बसलेली मैंदर्गी गावची एक म्हातारी उठली आणि खिडकीतल्या फिल्मला हात जोडून वाकली. "अय्यो शिवने! छातीत लिंग दिसायलंय की!"

"आजी, ती ह्यांच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीची सावली," असं म्हणता म्हणता मी थांबले.

पहिल्या फोटोच्या वेळी हे अडून बसले होते. जीव गेला तरी चालेल, डबीतलं इष्टलिंग गळ्यातून उतरणार नाही. फोटो तसाच काढला. दुसऱ्या वेळी फोटोवाला वैतागला, तेव्हा ह्यांनी दोरा सैल करून डबी खाली सोडली. तिसऱ्या वेळी मुठीत धरून उभे राहिले. मी हे भराभर डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फिल्मा तशा लावल्या: लिंग छातीवर, मग पोटाच्या कडेला, मग दिसेनासं. एकावर एक धरून त्यांनी वरून एकेक सरकवली. लिंग खाली उतरत गेलं आणि त्याच्याबरोबर तो डाग विरत गेला. कित्येक महिने बंद छातीत, कुणी पाहत नसताना चाललेलं काम त्या खिडकीच्या उजेडात माझ्यासमोर हललं.

"पुण्याला येऊ नका," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शनं मात्र चुकवू नका."

मी वळले तेव्हा म्हातारी पुन्हा बाकावर बसून पान लावत होती. आपण काय केलं, हे तिच्या गावीही नव्हतं.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "हट्टी म्हणायचीस ना मला?"

"अजूनही म्हणते."

हे बरे होऊन पुन्हा दुकानात बसू लागले. गुण औषधाचाच, हे मी आजही सांगते. पण जी खूण आम्ही भक्तीने पुसून टाकणार होतो, ती देवाने आधीच ह्यांच्या छातीवर उमटवून ठेवली होती. दवाखान्यातून परतलो त्या संध्याकाळी देवापुढे पहिल्यांदाच काही न विचारता मी डोकं टेकवलं. मग उठून इंजेक्शनची सुई उकळायला ठेवली.