निळ्या सदऱ्यातल्या पोराची चौकशी

आता काय सांगू तुम्हाला, जे सांगणार आहे ते शंभर टक्के खरं आहे. अगदी देवाशप्पथ! आम्ही चौदा जण कंपनीतून डोंगरात गेलो होतो... बरं, बारा. दोन मी आत्ताच घातले, गर्दी जरा बरी दिसते म्हणून. पण बाकीचं खरं. निदान बरंचसं. तुम्ही चहा घ्या, गार होतोय.

तर तळेगावजवळच्या आमच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि मी ते तपासतो. चांगला भाग पुढे जातो, वाईटाला लाल चिठ्ठी. बावीस वर्षं हेच करतोय. या कामाने माणसाची नजर बिघडते हो! मला भाजीतसुद्धा आधी दोष दिसतो. हवं तर घरी विचारा. नको, नकाच विचारू.

अशा माणसाला एक दिवस मॅनेजरसाहेब म्हणतात, "तिकोने, शनिवार-रविवार सगळे लोणावळ्याला जाऊ. डोंगर चढू, दोरीने कडा उतरू. सगळं कंपनीकडून."

फुकट? ज्या कंपनीने बावीस वर्षांत चहात साखरेचा दुसरा चमचा टाकला नाही, ती मला फुकटात डोंगर दाखवणार? का बरं?

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे सुपरवायझरची खुर्ची दोन महिने रिकामी होती. दावेदार दोनच. एक मी, दुसरा डिस्पॅचमधला संतोष. बेगडेवाडीचा, अठ्ठावीस वर्षांचा, कमी बोलणारा. सगळे त्याला चांगला म्हणायचे, म्हणून मला तो आधीपासूनच संशयास्पद वाटायचा. म्हणजे ही सहल नव्हती, परीक्षा होती! आणि परीक्षा म्हटली की परीक्षक आला.

हे कारखान्यात राबलेल्यालाच कळेल. आमच्याकडे ऑडिटर सांगून येत नाही. कोपऱ्यात उभा राहतो, बोलत नाही, छोट्या वहीत लिहितो. त्यामुळे अनोळखी माणसाच्या हातात वही दिसली की आमची पोटं आपोआप आत जातात.

शनिवारी कुसगावच्या हॉटेलात एक जण वही घेऊन माझ्याकडे आला. मी उभा राहून त्याला नमस्कार केला. तो म्हणाला, "साहेब, मिसळ की वडा?"

चुकलो. पण सावध झालो.

रविवारी सकाळी मिनीबस आंदर मावळात शिरली. दोन्ही बाजूंना भातखाचरं, पुढे डोंगर. डांबर संपलं तिथे एक आबा उभे होते. डोक्यावर टोपी, साठीचं वय. आम्ही चालायला लागलो तसे तेही लागले.

"आबा, कुठं निघालात?" मी विचारलं.

"आसंच. तुमी चाललाय, मी बी चाललोय."

असंच? रविवारी सकाळी, घरची गुरं सोडून, कोण डोंगर असंच चढतं? मी खालून वर नजर फिरवली. पायात पॉलिश केलेले बूट. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. आणि खिशात वही!

वेषांतर हो वेषांतर! मी मनात म्हटलं, टोपी जमली, पण इस्त्री काढायची राहिली.

थोडं चढल्यावर आबा माझ्या शेजारी आले. आवाज खाली. "तुमी तिकोने न्हवं? त्ये निळ्या सदऱ्यातलं पोरगं कसं हाय?"

निळ्या सदऱ्यातलं पोरगं म्हणजे संतोष. आणि याला माझं नाव माहीत! आता शंका कसली राहिली?

"पोरगं चांगलं आहे हो," मी म्हणालो, "पण..."

"पन काय?"

"जाऊ द्या. आपण कशाला बोला?"

"बोला की. जल्माचा प्रश्न हाय."

एका खुर्चीसाठी जन्माचा प्रश्न? पण म्हटलं, कंपनी हल्ली फार गंभीर झालीय.

"रागीट हाय का?"

"एकदा हातातला पाना फेकला होता. मशीनवर. पण मशीनच्या जागी माणूस असता तर?"

आबांनी वही काढली. लिहिलं!

"एका जागी टिकंल का?"

"तीन वर्षांत दोन डिपार्टमेंट बदलली. आता तुम्हीच समजा."

"खानं-पिनं?"

"ते मात्र मला विचारू नका." एवढंच म्हणालो मी! आणि असा सुस्कारा सोडला, की ऐकणाऱ्याला दारूचा वास यावा.

डोक्यापासून पायापर्यंत लाल चिठ्ठ्या चिकटवून टाकल्या पोराला.

वर कड्यावर दोर बांधला होता. आबा बघताहेत म्हटल्यावर मी छाती काढून म्हणालो, "आधी मी!" दहा फूट उतरलो आणि थांबलो. म्हणजे पाय थांबले. वर जाईना, खाली जाईना, दुपारी वाळत घातलेल्या पायजम्यासारखा लटकलो. शेवटी संतोष दुसऱ्या दोराने माझ्याशेजारी उतरला.

"काका, खाली बघू नका. माझ्याकडे बघा. आता उजवा पाय."

बघा कसा मार्क मिळवतोय लबाड! मी त्याचा हात घट्ट धरून हा विचार केला.

जेवण खालच्या वाडीत होतं, मिनीबस उभी होती तिथल्याच एका अंगणात. पिठलं, भाकरी, ठेचा. मी पहिला घास तोंडात घातला आणि संतोष शेजारी येऊन बसला. कानापर्यंत लाल.

"काका, आबा तुमच्याशी बोलले ना? मुलीचे मामा आहेत ते."

"कुठल्या मुलीचे?"

"मला सांगून आली ना, तिचे. मुलगा कामाच्या माणसांत कसा वागतो ते बघायला आलेत. मीच निरोप धाडला होता, माझ्याबद्दल काही विचारायचं तर तिकोनेकाकांना विचारा. ते लपवाछपवी करणार नाहीत."

घास तिथेच थांबला. समोर ओसरीवर आबा वही खिशात घालून बूट चढवत होते. तोंड कडू. ते गेले, की पोराचं लग्न गेलं.

मग मी काय केलं? ताडकन उठलो! अंगणाच्या मधोमध उभा राहिलो आणि ओरडलो, "आबा, मी सगळं खोटं बोललो!"

आबा म्हणाले, "त्ये मगाशी खरं बोललात. खोटं आता बोलताय. पोराची दया आली म्हून."

आली का पंचाईत! शेवटी पॅकिंगमधल्या शैलाताई उठल्या. "आबा, या माणसाचं काही खरं धरू नका हो! एकाच पायाच्या प्लास्टरवर तीनदा रजा घेतलीय यांनी. प्लास्टर अजून कुणी बघितलेलं नाही." मग एकेक जण उठला. पिठलं गार होईपर्यंत माझे पराक्रम चालले होते. आबा पोट धरून हसले. म्हणाले, "एवढा खोटारडा मानूस ज्याला नावं ठेवतो, त्ये पोरगं सोन्यासारखं आसंल!"

लग्न जमलं. झालंही. खुर्चीचं म्हणाल, तर ती भरायचीच नव्हती. ती हलवून साहेबांनी तिथे पाण्याचा कूलर ठेवला.

हे सगळं खरं. इस्त्रीचा शर्ट खरा, वही खरी, पायजम्यासारखा लटकलो तेही खरं. फक्त एक गोष्ट मी घातलीय.

मी उठलो नाही.

शैलाताईही उठल्या नाहीत, त्यांना काही माहीतच नव्हतं. त्यांच्या तोंडी घातलेलं प्लास्टर मात्र खरं. म्हणजे खोटं.

झालं ते असं. मी हातातली भाकरी ठेवून गुपचूप मिनीबसच्या मागे जाऊन बसलो. तिथून सगळं ऐकू येत होतं. आबांनी संतोषला वहीतलं एकेक वाचून दाखवलं, कुणी सांगितलं तेही सांगितलं. संतोष म्हणाला, "पाना फेकला होता आबा, ते खरंय. चुकलंच माझं. बाकी काका थट्टेखोर आहेत, मनावर घेऊ नका. माणूस चांगला आहे."

मग आबांनी बूट काढल्याचा आवाज आला. "ताई," ते वाढणाऱ्या घरच्या बाईला म्हणाले, "माजं बी ताट वाढ."

थोड्या वेळाने संतोष मला शोधत बसच्या मागे आला. मी घाईघाईने पायातला बूट काढला.

"काय झालं काका?"

"काटा गेला रे."

तो खाली बसला. माझा पाय मांडीवर घेतला आणि तळवा नीट उजेडाकडे वळवून, कुठेच नसलेला काटा शोधत बसला.